हा 'ना' कुणाचा?

(सावदा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय एका अक्षराचा आहे. पत्रिका छापायला दिली तेव्हा छापखान्यातून फोन आला. "सर, विषय अर्धवट आलाय. नुसतं 'ना' दिसतंय." आम्ही म्हटलं, "तेवढंच आहे ना." तिकडून उत्तर आलं, "हो ना, तेवढंच आहे, म्हणून तर विचारतोय ना!" व्याख्यानाची अर्धी तयारी त्या फोनवरच झाली. दोन वाक्यांत तीन 'ना' आले आणि तिघांपैकी एकानेही नकार दिला नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नाही. बोलींची टिपणं करणारे आम्ही दोघं-तिघं आहोत, फिरतो एकत्र, भांडतो एकत्र, आणि आज बोलायची पाळी एकाची आली एवढंच. चुका निघाल्या तर त्या सगळ्यांच्या.

सावदा आणि 'ना' यांचं नातं जुनं आहे. १८५२ साली इंग्रज सरकारने या भागात जमिनीची नवी मोजणी आणली. लोकांना ती नको होती. सावद्यात दहा ते पंधरा हजार माणूस जमला आणि लष्कराची तुकडी येऊन पुढाऱ्यांना धरेपर्यंत तो पांगला नाही, अशी नोंद इंपीरियल गॅझेटियरमध्ये आहे. सरकारी कागदात या प्रसंगाचं नाव 'गडबड'. ज्यांनी ती केली त्यांच्या बाजूने पाहिलं तर तो एक 'ना' होता. प्रसंग एकच, पण ऐकणारा कोण आणि लिहिणारा कोण यावर त्याचं नाव बदललं. आजच्या सगळ्या बोलण्याचं बीज इथंच आहे. लहान शब्दाचा अर्थ शब्दाच्या पोटात फार थोडा असतो. तो शेजारच्या शब्दांत असतो, सुरात असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात असतो.

तुमच्याच गावातून सुरुवात करू. केळीचा माल भरायला गाडी लागली आहे. उत्तरेकडचा व्यापारी हिंदीत म्हणतो, "दे दो ना भाई." शेतकरी म्हणतो, "ना भाऊ, या भावात नाही जमत." शेजारचा मध्ये पडतो, "अहो, देऊन टाका ना आता." आणि गाडीवरचा धुळ्याकडचा ड्रायव्हर घडांकडे बोट दाखवून विचारतो, "हाऊ माल कोना शे?" चार माणसं, चार 'ना'. पहिला गळ घालणारा. दुसरा नकार देणारा. तिसरा समजूत काढणारा. आणि चौथा? त्याचा नकाराशीही संबंध नाही, विनवणीशीही नाही. 'कोना' म्हणजे कोणाचा. तो मालकी विचारतोय. नवतीचा भाव आणि पिलबागेचा भाव यातला फरक इथल्या पोराला शाळेत जाण्याआधी कळतो. तसाच हा चार 'ना'मधला फरकही इथल्या कानाला आपोआप कळतो. ईशान्येला बऱ्हाणपूर, तिकडची हिंदी आणि निमाडी, पश्चिमेला अमळनेर-धुळ्याची अहिराणी, गावात लेवा बोली, तडवी वस्त्या, बाजारात उर्दू. एवढ्या भाषा ज्याच्या कानावरून रोज जातात त्याला कोशात बघावं लागत नाही.

कोशात बघायची वेळ आमच्यासारख्यांवर येते. तर आता एकेक 'ना' हातात घेऊ.

आधी आपला मराठी 'ना'. "तू येणार ना?" इथे तो खात्री करून घेतो. "ये ना!" इथे गळ घालतो. "मी सांगितलं होतं ना!" इथे ठपका ठेवतो. "असू दे ना" इथे पांघरूण घालतो. "हो ना" यात तर कमाल आहे. उत्साहाने म्हटलं तर पूर्ण दुजोरा, आणि सुस्कारा टाकून म्हटलं तर "काय सांगू, तसंच आहे बाई." मोबाइलवर नुसतं "हो ना" लिहून पाठवा, समोरचा पाच मिनिटं विचार करत बसतो की हा खूश आहे की वैतागलाय. सूर लिहिता येत नाही आणि 'ना'चा अर्धा अर्थ सुरात असतो. ही सवय मराठीपुरती नाही. हिंदीत "आओ ना" आहे, बंगालीत "एशो ना" आहे. आपल्याकडची मुलं इंग्रजी बोलतानासुद्धा वाक्याच्या शेवटी 'ना' लावतात. इंग्रजी येते पण 'ना' सुटत नाही.

इथे एका गोष्टीवर थांबू, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. "नको ना." यात दोन शब्द आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. नकार 'नको'मध्ये आहे आणि तो पूर्ण आहे. 'ना' फक्त विनवणीचा आहे, समोरच्याचा मान राखणारा. आपल्या घरांत मुलींना, सुनांना, लहानांना नकार असा मऊ करून द्यायला शिकवतात. मग ऐकणारा काय करतो? शेवटचा मऊ सूर तेवढा ऐकतो आणि म्हणतो, "ती काही ठाम नाही म्हणाली नव्हती." म्हणाली होती. तिने नकार दिला आणि वर सौजन्यही दाखवलं. सौजन्याचा अर्थ होकार असा लावणं हा व्याकरणाचा घोटाळा असता तर आम्ही दुरुस्त केला असता. तो ऐकणाऱ्याच्या नियतीचा घोटाळा आहे.

मराठीत दुसरा एक 'ना' क्रियापदाला चिकटतो. "पाऊस पडेना", "पोरगं जेवेना", "गाडी सुरू होईना". हा नकार साध्या 'नाही'पेक्षा वेगळा आहे. "पाऊस पडत नाही" ही बातमी झाली. "पाऊस पडेना" म्हणणारा माणूस आभाळाकडे बघत उभा आहे, त्याने वाट पाहिली आहे. तोच 'ना' "जाईना का!" म्हटलं की उलटा फिरतो. म्हणजे जाऊ दे, माझं काय जातं. आणि "उशिरा का होईना, गाडी आली" यात तर नकाराचा मागमूस नाही. गाडी आलेली आहे आणि आपण समाधानी आहोत. आता हिंदीकडे बघा. "पड़ना", "खाना", "जाना" यातला 'ना' नुसतं क्रियेचं नाव सांगतो. मराठीत "पडेना" म्हणजे पडत नाही आणि हिंदीत "पड़ना" म्हणजे पडणं. एका मात्रेचं अंतर आहे आणि अर्थ समोरासमोर उभे आहेत.

तिसरा 'ना' फारसीतून आला आणि आपल्या कचेऱ्यांत कायमचा राहिला. नामंजूर, नाराज, नालायक, नाइलाज. फारसी शब्दाला फारसी उपसर्ग, हे ठीकच. पण मराठी माणसाने तो उचलला आणि स्वतःच्या शब्दांना लावला. पीक आपलं, त्याला 'ना' लावून 'नापीक' केलं. 'पास' इंग्रजी, त्याला लावून 'नापास' केलं. ज्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या पोरं रडली तो शब्द अर्धा फारसी आणि अर्धा इंग्रजी आहे. कचेरीतला सगळ्यात गमतीचा 'ना' म्हणजे 'नाहरकत'. हरकत म्हणजे अडथळा. त्याला 'ना' लावला की परवानगी झाली. माणूस 'ना' मिळवण्यासाठी दहा हेलपाटे घालतो आणि तो मिळाला की पेढे वाटतो! क्रिकेटमध्ये 'नाबाद' म्हटलं की टाळ्या पडतात. म्हणजे नकाराचा नकार झाला की तो होकारापेक्षा मोलाचा ठरतो.

हा फारसी 'ना', आपला 'न' आणि 'नाही', इंग्रजांचा 'नो', हे एकाच जुन्या घराण्यातले. भाषांच्या अभ्यासात ते नातं पक्कं आहे. पण ध्वनी सारखा असला की अर्थही सारखा असतोच असं नाही. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे होय. नवखा मराठी माणूस अथेन्सच्या दुकानात भाव करायला उभा राहिला तर दुकानदार प्रत्येक वेळी कबूल होत जाईल आणि हा बिचारा निराश होऊन बाहेर पडेल.

आता चौथ्या 'ना'कडे येऊ. त्या ड्रायव्हरच्या. आजचं व्याख्यान खरं त्याच्यासाठी आहे.

आपण प्रमाण मराठीत म्हणतो रामाचा, रामाची, रामाचं. अहिराणी म्हणते रामना, रामनी, रामनं. रामना भाऊ, रामनी माय, रामनं घर. माझा, तुझा, त्याचा याला अहिराणीत मना, तुना, त्याना. हा 'ना' निषेधाच्या घराण्यातला नाही, षष्ठीचा प्रत्यय आहे, मालकीचा आणि नात्याचा. नवापूर ओलांडून गुजरातेत गेलं की तोच भेटतो. तिथे नो, नी, नुं आहे, आणि "रामना घरमां" म्हटलं तर खानदेशी माणसाला भाषांतर करून सांगावं लागत नाही. गुजरातीत 'ना' म्हणजे नाही सुद्धा आहे. एकाच भाषेत, एकाच ध्वनीचे दोन शब्द, आणि बोलणाऱ्या कुणाचाही गोंधळ होत नाही. कारण मालकीचा 'ना' नामाला चिकटून येतो, नकाराचा सुटा येतो. जागा ठरलेली आहे.

गोंधळ होतो तो बाहेरून येणाऱ्याचा. त्यात आम्हीही आहोत. आमच्यातल्या एकाने उमेदीची काही वर्षं धुळ्याकडच्या एका खेड्यात शिक्षकी केली. तिसरीच्या मुलांना 'काल घरी काय झालं' यावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलाने मित्राविषयी लिहिलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "त्याना बाप उना."

प्रमाण मराठीच्या डोळ्यांनी हे वाक्य वाचा. 'त्याना' दिसलं की हात आपोआप अनुस्वार देतो, 'त्यांना'. 'उना'तला 'न' खटकतो, कारण बोलीत 'ण'चा 'न' होतो हे आपल्याला माहीत असतं, म्हणून 'उणा' करतो. लाल शाईने दोन दुरुस्त्या झाल्या. दुरुस्त वाक्य काय झालं? "त्यांना बाप उणा." म्हणजे त्यांना बापाची उणीव आहे. बाप नाही.

मुलाने काय लिहिलं होतं? त्याचा बाप आला. 'उना' म्हणजे आला. कामासाठी बाहेरगावी असलेला मित्राचा बाप बऱ्याच दिवसांनी घरी आला होता आणि ती त्या दिवसाची गल्लीतली सगळ्यात मोठी बातमी होती. त्याने बापाला घरी आणलं होतं. शुद्धलेखनाने त्याला परत घालवून दिलं.

हे आम्हाला कळलं कसं? मुलाने सांगितलं नाही. मुलं असं सांगत नाहीत. त्याने वही बघितली, मिटली, आणि पुढच्या खेपेला एकच ओळ लिहिली, "वडील आले." त्याच्यापुढच्या खेपेलाही एकच ओळ. बिनचूक. वाक्य चुकायची भीती बसली की मूल लहान वाक्य लिहितं, कारण लहान वाक्यात चुकायला जागा कमी. शाळेतल्या शिपाईदादांनी पुढे कधीतरी सहज त्या मित्राच्या बापाचा विषय काढला, तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. तोवर वर्ष सरलं होतं. दोष मुलाचा नव्हता, व्याकरणाचाही नव्हता. हा 'ना' कुणाचा हे न विचारता आम्ही तो आपला समजलो, ही चूक.

हीच गत 'मना'ची. अहिराणी मूल लिहितं, "मना भाऊ." म्हणजे माझा भाऊ. मराठी वाचकाला 'मना' दिसला की रामदासांचे श्लोक आठवतात. दोनशे पाच श्लोकांत मनाला हाक मारून केलेला उपदेश. हिंदीची पाटी वाचणाऱ्याला 'मना है' दिसतं, म्हणजे बंदी. दोन अक्षरं आहेत. एकाला त्यात भाऊ दिसतो, एकाला मन दिसतं, एकाला मनाई दिसते. तिघंही बरोबर आहेत, आपापल्या घरात.

आता म्हणाल, एका प्रत्ययाचं एवढं काय घेऊन बसलात? तर बघा. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचं काम ग्रियर्सनच्या देखरेखीखाली चाललं. त्यात मराठीला सातवा खंड मिळाला, आणि खानदेशी मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांबरोबर गेली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अभ्यासकांनी तिला मराठीच्या बाहेर ठेवलं. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, बोलणारे १८ लाखांहून अधिक, आणि अहिराणी तिच्याखाली येते. हे वर्गीकरण बरोबर की चूक यावर विद्वानांचे वाद आहेत, ते चालू राहोत. आमचा मुद्दा साधा आहे. मोजताना तिला वेगळी भाषा म्हणायचं आणि शाळेत तिच्या प्रत्ययाला अशुद्ध मराठी म्हणायचं, हे दोन्ही एकाच वेळी कसं चालेल? वेगळी भाषा असेल तर 'त्याना' ही चूक नाही, तो दुसऱ्या भाषेतला बरोबर शब्द आहे. मराठीचीच बोली असेल तर तो मराठीतलाच एक प्रत्यय आहे. कुठल्याही हिशेबाने ती चूक होत नाही.

तुलनेला कोकणी घ्या. कोकणीत 'आसा' म्हणजे आहे आणि 'ना' म्हणजे नाही. "पयशे ना." झालं, वाक्य पूर्ण. "हांव वचना" म्हणजे मी जात नाही. मराठी माणसाला वाटतं वाक्य अजून पुढे आहे. तो क्रियापदाची वाट बघत राहतो. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावरून किती वर्षं वाद झाला हे तुम्ही जाणता. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. आज "पयशे ना" लिहिलं तर ते कोकणीचं व्याकरण आहे. "त्याना बाप" लिहिलं तर लाल शाई. दोन्ही 'ना' आपापल्या भाषेत तितकेच नियमित, तितकेच जुन्या वळणाचे आहेत. फरक मान्यतेचा आहे.

इथे आमच्याच बाजूच्या लोकांना एक इशारा द्यायला हवा. बोलीवर प्रेम करणारी माणसं कधी कधी फार लांब धाव घेतात. तेलुगूत 'ना' म्हणजे माझा. लगेच कुणीतरी मोबाइलवर लिहितो, "बघा, अहिराणी 'मना' आणि तेलुगू 'ना' एकच, म्हणजे अहिराणी द्रविडांची आहे!" सबुरीने घ्या. 'मना'मध्ये 'माझा'पण आहे ते 'म'मध्ये. 'ना' फक्त 'चा'चं काम करतो. 'तुना'मध्ये तोच 'ना' आहे आणि तिथे 'माझा'चा पत्ता नाही. कानडीत बोलताना 'ना' म्हणजे मी. तमिळमध्ये 'ना' म्हणजे जीभ. संस्कृतात नृ शब्दाचं प्रथमा एकवचन 'ना', म्हणजे पुरुष. माझा, मी, जीभ, पुरुष, अशी सुंदर माळ होते, आणि एखाद्या वक्त्याला तिच्यातून तत्त्वज्ञान काढायचा मोह होईल. पण ही माळ आपण ओवलेली आहे, भाषांनी नाही. तोंडातून निघणारे सोपे ध्वनी मोजके, भाषा हजारो. मग एकच ध्वनी अनेक घरांत वेगवेगळ्या कामाला लागणारच. सारखा ध्वनी म्हणजे सारखं कूळ नव्हे. खानदेशात 'नाना' म्हणून हाक मारतो तो वडीलधारा माणूस, हिंदीतले 'नाना' आईचे वडील, आणि जुन्या मराठीत 'नाना परी' म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या. सभेच्या पत्रिकेवर 'ना.' दिसलं तर नामदार समजायचं आणि कवितेच्या पुस्तकावर 'ना. धों.' दिसलं तर नामदेव धोंडो महानोर. तिथेही जागा बघितल्याशिवाय अर्थ लागत नाही.

शिक्षक उतावीळपणे दुरुस्त करतो, हौशी अभ्यासक उतावीळपणे नातं जोडतो. दोघांची चूक एकच. दोघांनाही शब्द ओळखीचा वाटला आणि दोघांनीही बोलणाऱ्याला विचारलं नाही.

आता साहित्याकडे, कारण समीक्षा म्हटली की ती बाजू सोडून चालणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बोलत गेल्या आणि इतरांनी टिपून घेतलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. त्या पुस्तकात 'मानूस' आहे, 'पानी' आहे, 'नही' आहे. कल्पना करा, सोपानदेवांच्या जागी आमच्यासारखा एखादा लाल शाईवाला असता आणि त्याने सगळे 'न' पुसून 'ण' केले असते, 'नही'चं 'नाही' केलं असतं. अर्थ तोच राहिला असता, असं कुणी म्हणेल. राहिला नसता. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडचं वाक्य मास्तरांच्या तोंडी गेलं असतं. त्या कवितेचं वजन मोठ्या कल्पनांत आहे तितकंच या लहान रूपांत आहे. आज त्यांच्या नावाने जळगावात विद्यापीठ आहे, २०१८ पासून. त्यांच्या 'न'ला आपण विद्यापीठाचा मान दिला आणि त्याच जिल्ह्यातल्या तिसरीच्या मुलाच्या 'न'खाली रेघ ओढतो. हे एकत्र ठेवून बघा, आम्ही वेगळी टीका करत नाही.

दुसरं उदाहरण शेजारच्या यावल तालुक्यातलं, सांगवीचे भालचंद्र नेमाडे. १९६३ सालची 'कोसला' वाचली की कथानकाआधी काय आठवतं? 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'. हे शब्द भरताडाचे म्हणून संपादक पहिल्यांदा उडवतात. त्या कादंबरीत ते उडवले तर नायकच उडेल, कारण जगाकडे बघायची त्याची तऱ्हा त्या शब्दांत आहे. लहान शब्दांचं हे असं असतं. ते बातमी देत नाहीत. बोलणारा कुठे उभा आहे ते सांगतात. म्हणून भाषांतरात ते आधी मरतात. "ये ना"चं इंग्रजी करताना 'कम' उरतं, किंवा 'प्लीज' जोडावं लागतं. 'प्लीज' अनोळखी माणसालाही चालतं. "ये ना" म्हणायला थोडा हक्क लागतो.

मग करायचं काय? नुसती हळहळ व्यक्त करून आम्ही घरी जाणार नाही.

प्रमाण मराठी शिकवूच नका, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. अर्ज तिच्यात लिहावा लागतो, परीक्षा तिच्यात असते, आणि ती प्रत्येक मुलाच्या हक्काची आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचा आनंद आम्हालाही आहे. प्रश्न शिकवायच्या रीतीचा आहे. 'त्याना' खोडून 'त्याचा' लिहिणं ही एक रीत. फळ्यावर दोन रकाने पाडणं ही दुसरी रीत. डावीकडे मना, तुना, त्याना, कोना. उजवीकडे माझा, तुझा, त्याचा, कोणाचा. मुलाला लगेच दिसतं की डावीकडे 'ना' आहे तिथे उजवीकडे चा-झा येतो. ते हे स्वतः शोधून काढतं आणि पुढची जोडी तुम्हाला सांगतं. खडूची एक कांडी लागते, बाकी खर्च नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत किंवा मातृभाषेत व्हावं. धोरण दिल्लीत लिहिलं जातं. ते लागू होतं की नाही हे तिसरीच्या वहीवर लाल पेन टेकवण्याच्या त्या एका क्षणात ठरतं.

मागे एका गावात हे बोललो तेव्हा एक काका उठून म्हणाले, "अशाने पोरं दोन्हीकडची राहणार नाहीत. ना धड इकडे, ना धड तिकडे." काळजी खरी आहे. पण आमचं पाहणं उलट आहे. पोर अधांतरी राहतं ते इकडचं चुकीचं आहे असं सांगितल्यावर. इकडचं बरोबर आणि तिकडचंही बरोबर, फक्त जागा वेगळी, हे ज्याला कळलं ते दोन्ही घरांत निर्धास्त वावरतं. केळीच्या गाडीपाशी तुमची पोरं रोज वावरतातच की. लेवा बोलीत आईशी, हिंदीत व्यापाऱ्याशी, अहिराणीत ड्रायव्हरशी, मराठीत बँकेत. त्यांना कुणी गोंधळलेलं म्हणत नाही, व्यवहारी म्हणतात. बाजारात जे शहाणपण ठरतं ते शाळेच्या दारात अडाणीपण का ठरावं?

शिक्षक मंडळी इथे बरीच आहेत. त्यांना, संपादकांना, मुद्रितशोधकांना, आणि घरात पोरांचं बोलणं सुधारायला बसलेल्या आम्हा सगळ्यांना एकच विनंती. लहान शब्द खटकला की पेन उचलण्याआधी विचारा, हा कुणाचा? अहिराणीत विचारायचं तर, "हाऊ कोना?" ऐकलंत? त्या प्रश्नातच तो 'ना' बसलेला आहे.

त्या मुलाची वही आमच्याजवळ नाही. असती तर दोन्ही लाल खुणा खोडल्या असत्या आणि शेजारी लिहिलं असतं, "बरोबर. बाप आला. मग पुढे काय झालं?" पुढच्या तीन ओळी वाचायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

प्रश्न असतील तर विचारा ना.